रिकाम्या हातानं बारामती

अक्का, रविवारी आम्ही बारामती फिरून आलो. दादासुद्धा आले. तुमच्या अटीप्रमाणे कुणाच्याही हातात पिशवी नव्हती, आणि माझ्या कमरेला कामांची चिठ्ठीही खोचलेली नव्हती. तुम्ही हात घालून तपासलं असतंत, म्हणून आधीच सांगते.

हे तुम्हाला कळवायलाच हवं. अठ्ठावीस वर्षं मी तालुक्याहून आले की उंबऱ्यातच तुमचा प्रश्न असायचा, "काय काय बगितलंस?" आणि माझं उत्तर ठरलेलं, "बघायला कुठं गेले होते, कामाला गेले होते." या खेपेला पहिल्यांदाच बघायला गेले आणि परत आले तर उंबऱ्यात विचारायला कुणी नाही. म्हणून लिहून काढते आहे. तुम्हाला जाऊन रविवारी अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत एक बाई आपल्याच ओसरीवर बसून म्हणाली की मंगल दगडाच्या काळजाची, जाऊ गेली तरी डोळ्याला पाणी नाही. तिला चहा मीच करून दिला. दिवसाला साठ-सत्तर माणसं यायची, कुणीतरी दूध तापवायला हवं होतं.

या बघण्याची सुरुवात स्नेहलनं केली. तुमची सून पुण्याची, तिला बोलायला कारण लागत नाही. मेथी निवडता निवडता ती सांगत होती की पुण्यात रविवारी सकाळी माणसं जमतात आणि जुन्या पेठांमधून चालत हिंडतात. एक जण माहिती सांगतो, बाकीचे ऐकतात, आणि शेवटी सगळे मिळून नावाजलेल्या हॉटेलात खायला बसतात.

"कुठली मानसं? भायेरगावची?" तुम्ही विचारलंत.

"नाही आई, पुण्यातलीच."

"पुन्यात ऱ्हात्यात आन् पुनंच बगत्यात? कामं न्हाईत व्हय त्यास्नी?"

आपण तिघी हसलो. मला वाटलं विषय संपला. दोन दिवसांनी मी विहिरीवरच्या स्टार्टरचं झाकण उघडून बसले होते, तर तुम्ही शेजारी येऊन उभ्या.

"मंगल, आपुन बारामती बगितलीया का गं?"

"महिन्यातनं चारदा जातो की."

"जातो. बगितलीया का?"

मग तुम्ही बोटांवर मोजून दाखवलंत. स्टँड, दवाखाना, बी-बियाण्याचं दुकान, मोटार वायंडिंगवाला आणि बँक. "चाळीस वर्सांत पाच ठिकानं. मदलं समदं मान खाली घालून तुडवलंया मी."

घरापासून बारामती पंधरा मिनिटांवर. आणि तुमचं म्हणणं खरं होतं. पण ते लगेच कबूल करेन तर मी कसली. मी म्हटलं, पेचकस द्या इकडं.

आपल्या वस्तीचा एक कायदा आहे, तो कुणी लिहिलेला नाही, पण मोडायची कुणाची हिंमत नाही. तालुक्याला जो जाईल त्यानं अख्ख्या वस्तीची कामं न्यायची. पायात चप्पल घातली की हिरामावशी बांधावरून हाक मारणार, "बारामतीला चाललीस व्हय? मग जाता जाता येवडं बग." कुणाच्या चष्म्याची काडी, कुणाच्या शेळीचं औषध, कुणाचा रक्ताचा रिपोर्ट, कुणाच्या ब्लाऊजला मॅचिंग अस्तर. ते अस्तर तर सगळ्यांत अवघड, कारण घरी आणलं की ते कधीच मॅच होत नाही. मला या कायद्याचं काही वाटायचं नाही. उलट दहा कामं एका फेरीत उरकली की मला गोड झोप लागते. तुम्हाला मात्र एकदाच, एकच दिवस, त्यातून सुटायचं होतं. तुमची अट होती, काम नाही, पिशवी नाही, कुणाचा निरोप नाही. नुसतं बघायचं, आणि मग बसून मासे खायचे.

माशांचं सांगायला हवं. तुमचं माहेर इंदापूर तालुक्यात, भिगवणच्या अलीकडं उजनीच्या पाण्याला लागून. तुमचं मूळ गाव त्याच पाण्याखाली गेलं तेव्हा तुम्ही लहान होतात. "पान्यानं गाव नेलं आन् मासं दिलं," एवढंच तुम्ही त्यावर बोलायचात, आणि ते बोलतानाही तोंडाला पाणी सुटलेलं असायचं. अशी बाई आली पिंपळीच्या माळकरी घरात. आधी सासऱ्यांच्या, आबांच्या, गळ्यात माळ; आबा गेले तशी तुमच्या मालकांनी, दादांनी घातली. घरात अंडंसुद्धा आलं नाही. तुम्ही चाळीस वर्षं वरण, आमटी, पिठलं यांच्यावर काढलीत आणि तक्रार एकदाही केली नाहीत. फक्त स्टँडच्या मागच्या बाजूच्या त्या माशांच्या खानावळीपुढून जाताना तुमची चाल मंदावायची. भिगवणहून रोज सकाळी तिथं ताजा माल येतो आणि दुपारी बाहेर रांग लागते. मी म्हणायचे, "चला, वडाप चुकंल."

पहिल्या खेपेला आपण दोघीच निघणार होतो. आठवतं? गेल्या लग्नसराईत. वस्तीनं कामं देऊ नयेत म्हणून युक्ती तुम्हीच काढलीत. रेशमी लुगडी नेसायची, गजरे माळायचे, कुणी विचारलं तर लग्नाला चाललोय म्हणायचं. लग्नाला चाललेल्या बाईला शेळीचं औषध कोण सांगणार?

हिरामावशी बांधावरच होती.

"कुनाचं लगीन?"

"माज्या मावसभनीच्या दिराच्या पोराचं," तुम्ही डोळ्याचं पातं न हलवता सांगितलंत.

"मावसभनीच्या म्हंजी माळेगावच्या?"

"न्हाय, दुसरी."

"आगं मग थांब की," असं म्हणून ती घरात गेली आणि कागदात बांधलेला टॉवेल-टोपीचा आहेर घेऊन आली. "तुज्या मानसाचं लगीन म्हंजी आमचंबी मानूस. माजा आहेर न्ये. आन् नाव सांग त्यास्नी, हिराबाईनं दिलाया म्हनून."

वडापच्या जीपमध्ये आपण दोघी तोंडाला पदर लावून हसत होतो. न झालेल्या लग्नाचा आहेर तुमच्या मांडीवर. ड्रायव्हर आरशातून बघत होता. तुम्ही इतकं हसलेलं मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

आणि मग मी ते वाटोळं केलं. दुसरं कुणी नाही, मीच. स्टँडवर उतरल्या उतरल्या मला आठवलं की आपली तीन एचपीची मोटार वायंडिंगला टाकलेली आहे. "आलोच आहोत तर," मी म्हटलं. वायंडिंगवाला म्हणाला, अर्ध्या तासात देतो. तुम्ही त्याच्या दुकानात तेलकट बाकड्यावर रेशमी लुगडं आवरून तीन तास बसलात. गजरा सुकला. एकदाही उठूया म्हणाला नाहीत. मोटार ताब्यात आली तेव्हा अडीच वाजून गेले होते. खानावळीच्या दारात पोचलो तर आतला माणूस पाटी पुसत म्हणाला, "मासे संपले मावशी, आता फक्त अंडाकरी."

वडापमधून परत येताना मोटार आपल्या दोघींच्या पायांत होती. हिरामावशी अजून बांधावरच. तिनं एकदा आपल्या लुगड्यांकडं बघितलं, एकदा मोटारीकडं.

"लग्नात मोटारी वाटल्या व्हय गं?"

तो आहेर परत करायचा तर खोटं कबूल करावं लागलं असतं, म्हणून तुम्ही तो ट्रंकेच्या तळाशी टाकून दिलात. मला मात्र त्या दिवशी रागावलात. "तुला आलोच आहोत तर ह्ये सोडून दुसरं वाक्य येतंय का गं?" मी म्हटलं, मोटार नसती आणली तर वांग्याला पाणी कोण देणार होतं? वांगी वाचली, हे खरं आहे. तो वाद मी जिंकले असं मला महिनाभर वाटत होतं.

त्यानंतर तुम्ही हट्टच धरलात की आता सगळ्यांनी जायचं. दादा, तुमचा नितीन, स्नेहल, आपण दोघी. आमचे हे जनावरांपाशी थांबतील. अख्खं घर बाहेर पडलं की मंगलला मोटार आठवायची नाही, असं तुमचं गणित. मी म्हटलं, दादांचं काय? माळकरी माणूस माशांच्या खानावळीत?

"चाळीस वर्सं मी त्येंच्या आमटीला बसली. त्येंनी एक तास माज्या माशाला बसावं."

दादा समोरच होते. त्यांनी पेपर वर केला. मी शाकाहारी हॉटेलाचं नाव काढलं, गाडी लावायला जागा आहे, बाथरूम स्वच्छ आहे. तुम्ही म्हणालात, "मला बातरूम बगायचंय व्हय?"

मग प्लॅन मी केला, कारण घरातले सगळे प्लॅन मीच करते. डेअरीच्या कॅलेंडरचं मागचं पान घेतलं. साडेआठला स्टँड. नऊला जुन्या पेठेतल्या बांगड्यांच्या गल्लीतून पुढं. साडेनऊला कऱ्हेकाठचं देऊळ. सव्वादहाला बाग. अकराला ते मोठ्या झाडांचे रुंद रस्ते, जिथून आपण कायम वडापमधून गेलो. बाराच्या आत खानावळीत नाव लिहायचं. फ्रिजवर चिकटवून टाकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या वेळा सगळ्या खोडलेल्या आणि तीन ठिकाणी तुमच्या चौथीपर्यंतच्या अक्षरात एकच शब्द. देवळापुढं, 'बसायचं'. बागेपुढं, 'बसायचं'. झाडांच्या रस्त्यापुढं, 'बसायचं'.

"बसून काय करायचं?" मी विचारलं.

"बसायचं."

"पण किती वेळ? मला लिहायला लागंल."

"तुज्या बानं कदी बसवलं न्हाय व्हय तुला?"

आता एक सांगते, जे तेव्हा सांगितलं नाही. खरंच नाही बसवलं. वडगाव निंबाळकरला माझ्या माहेरी रिकाम्या हातानं उभी असलेली बाई ही शिवी होती. आई म्हणायची, बाजारात जायचं तर हातात काहीतरी दिसलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतात कुणाची वाट बघतेय. मी पन्नाशीला आले, मोटार खोलते, ट्रॅक्टर मागं घेते, तलाठ्याशी भांडते. पण भर पेठेत काही काम नसताना उभी राहायची मला लाज वाटते. तुमच्या प्लॅनला मी फाटे फोडत होते ते वेळेपायी नाही. ते ह्या लाजेपायी. तुम्हाला हे कळलं असतं तर तुम्ही हसला असतात आणि मला मधे घालून चालला असतात. हे मला माहीत असूनही मी सांगितलं नाही.

म्हणून निघायच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी पाटकऱ्याचा फोन आला तेव्हा मला थोडं बरं वाटलं. पाटाला पाणी सुटलं होतं आणि आपली पाळी रविवारी सकाळी. पाळी चुकली तर पुढचं पाणी कधी याचा भरवसा नाही, हे तुम्हालाही कळत होतं. मी कुणाला न विचारता सांगून टाकलं, उद्याचं रद्द. नितीन म्हणाला, "काकी, मी पाणी धरतो, तुम्ही जा." मी म्हटलं, तुला वाफ्यात पाणी कुठं वळवायचं ते तरी कळतं का?

तुम्ही खुंटीवर काढून ठेवलेलं लुगडं घडी घातलंत. सावकाश, कडेला कड जुळवून.

"पानी दर म्हैन्याला येतंय, मंगल. मी दर म्हैन्याला म्हनती व्हय?"

आणि मग तीन दिवस अबोला. घरात अबोला धरणं सोपं नसतं, भाकरी तुमची आणि कालवण माझं, ते एका ताटात यावं लागतं. तुम्ही भाकरी थापून झाकून ठेवायचात आणि गोठ्यात जायचात. बुधवारी सकाळी तुम्ही पहिल्यांदा बोललात. कुकरचं झाकण हातात घेऊन आलात आणि म्हणालात, "रिंग गेली ह्येची. शिट्टी हुईना. तू बारामतीला कामालाच जातीस न्हवं, मग यवडं एक काम माजंबी कर. रिंग आन."

टोमणा होता. पण टोमणा म्हणजे बोलणं सुरू झालं, म्हणून मी खूश होते. मी म्हटलं, परवा आणते. तुमचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

गुरुवारी दुपारी गोठा आवरून तुम्ही ओसरीवर आडव्या झालात. मी चहा घेऊन आले. पुढचं तुम्हाला माहीत आहे, किंवा नाही. डॉक्टरांनी सांगितलं, झोपेतच. मी कप खाली ठेवला, दादांना हाक मारली, नितीनला फोन लावला, आणि मग जे करायचं असतं ते करत गेले. हिरामावशीनं पहिल्या दिवशी पिठलं-भाकरी आणली. भाकरी तुमच्यासारखी पातळ नव्हती.

तुम्ही गेल्यावर लोक तुमच्या साधेपणाची तारीफ करत होते. कधी काही मागितलं नाही, असं जो तो म्हणत होता. मला ते ऐकवत नव्हतं. मागितलं होतं. एकच गोष्ट मागितली होती, दोनदा, आणि दोन्ही वेळा मी मध्ये आले. पण मी छाती बडवून घेणाऱ्यातली नाही. चूक झाली तर ती दुरुस्त करायची, एवढंच मला येतं. आणि ज्या माणसाची चूक दुरुस्त करायची ते माणूस नसलं तरी उरलेलं काम उरतंच.

शिवाय माझ्यावर तुमचं जे आहे ते मी विसरलेली नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला चूल फुंकायला यायची नाही आणि मोटारीचा आवाज ऐकून बिघाड ओळखायला यायचा. आबा म्हणाले होते, "बायकांनी विहिरीवर काय करायचंय?" तुम्ही चुलीपुढून न वळता म्हणालात, "सैपाक मी बगती, तिला जाऊ द्या." तेवढं एक वाक्य. अठ्ठावीस वर्षं माझ्या वाटची चूल तुम्ही सांभाळलीत आणि वस्तीत मला लोक हुशार म्हणायला लागले. मी कधी आभार मानले नाहीत. जावाजावांत आभार कोण मानतं? आता मानते.

तेराव्यानंतर तुमचे भाऊ तात्या आले, दुखवटा काढायला. घरच्या माणसांना एकदा बाहेर न्यायचं, देवाला किंवा आपल्या घरी जेवायला, म्हणजे पाय मोकळे होतात, ही आपल्याकडची रीत. तात्या म्हणाले, समद्यांनी रविवारी आमच्याकडं चला.

मी म्हटलं, "तात्या, बाहेरच न्यायचं तर बारामतीला न्या. चालत हिंडवा आणि मासे खायला घाला."

भावकीतला एक म्हातारा म्हणाला, "दुखवट्याला बारामती? कुनी मरतंय आन् ह्ये फिराया जात्यात."

मी फ्रिजवरचं पान काढून आणलं आणि तात्यांच्या हातात दिलं. त्यांनी तुमचं अक्षर ओळखलं. बराच वेळ 'बसायचं'वर बोट ठेवून बसले. मग दादांकडं बघून म्हणाले, "पावनं, तुमी काय म्हनताय?"

दादा इतक्या दिवसांत चार वाक्यंसुद्धा बोलले नव्हते. म्हणाले, "तिनं मला एक तास मागितला हुता. जायाचं."

आहेराचंही सांगते. दुखवट्याला दादांना टॉवेल-टोपी करायची तर मी तुमची ट्रंक उघडली आणि तळाशी हिरामावशीचं पुडकं सापडलं, सुतळीसकट. ते घेऊन मी सरळ तिच्याकडं गेले. म्हटलं, मावशी, हा तुमचा आहेर. ते लग्न नव्हतंच.

"ठावं हाय की मला," ती शेंगा फोडत म्हणाली. "त्या दिवशी तिथच न्हवती लग्नाची. पंचांग बगून दिला म्या आहेर."

"मग दिलात कशाला?"

"बगितलं, किती लांब ओढतीया खोटं. पर तिच्या त्वांडावर असं काय दिसलं, म्हटलं जाऊ द्या, हिला काम सांगू न्हाई आज." मग पुडकं माझ्याकडं परत ढकलत म्हणाली, "दिलेला आहेर मागारी घेत न्हाईत. तिच्या मालकाच्या डोईवर घाल."

तर रविवारी दादांच्या डोक्यावर ती टोपी होती. आम्ही निघालो तेव्हा वस्ती बांधावर उभी होती. दोन-तीन तोंडं उघडायच्या बेतात होती, मला कळतं ते. हिरामावशीनं मागं वळून दम दिला, "आज कुनी तिला कायबी सांगायचं न्हाय. शेळी मेली तरी न्हाय."

अक्का, बारामती चांगली आहे. बांगड्यांच्या गल्लीत एका जुन्या घराच्या दारावर लाकडी मोर आहेत, सात. त्या दाराखालून मी वायंडिंगला किती वेळा गेले असेन. एका दुकानात फक्त कुलपं मिळतात, दुसरं काहीच नाही. कऱ्हेला पाणी होतं. देवळाच्या पायरीवर आम्ही बसलो, तुम्ही लिहिलं होतं तसं. पहिली पाच मिनिटं मला फार जड गेली. हात कुठं ठेवावेत कळेना, तर मांडीखाली दाबून बसले. स्नेहलनं बघितलं. ती जवळ सरकली आणि म्हणाली, "काकी, घड्याळ काढून द्या माझ्याकडं." दिलं. मग किती वेळ बसलो ते सांगता येत नाही, कारण घड्याळच नव्हतं. समोरच्या घाटावर एक बाई चादरी आपटत होती, ती आपटताना आधी दिसायची आणि आवाज मग ऐकू यायचा. तात्या म्हणाले, लहानपणी आम्ही दोघं पाण्याच्या कडंला असंच बसायचो, बुडालेल्या देवळाचा कळस कधी दिसतोय ते बघत. तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत. बसायचं म्हणजे हे होतं तर.

खानावळीत दारातला माणूस नावं गावावर लिहितो. पाऊण तासानं त्यानं आरोळी दिली, "पिंपळी, पाच!" आत जाऊन बसलो. वाढणारा आला तशी माझी घालमेल सुरू, दादांसाठी काय सांगायचं. त्यांनीच सांगितलं.

"मला भाकरी आन् ठेचा. पर आदी चिलापी आन, तळल्याली. हितं मदी ठेव."

चिलापी आली. चांगली ताटभर, वर कांदा-लिंबू. दादांनी मान खाली नेऊन एकदा वास घेतला. मग सरळ बसले.

"चाळीस वर्सं मला वाटायचं लई वास येत आसंल. येवडा काय न्हाय की."

तुम्ही असतात तर बोलला असतात, आणि पुढची चाळीस वर्षं ते पुरलं असतं. दादांनी ठेच्याला हात लावला, पण बराच वेळ घास तोंडात गेला नाही. नितीन बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. टेबलावर पाणी होतं.

मला काट्यांची भीती, तुम्हाला ठाऊक. तुमच्या माहेरी एकदा जत्रेला गेलो होतो तेव्हा तुम्ही काटे काढून मासा माझ्या भाकरीच्या कडेला ठेवत होतात आणि तुमच्या आईला सांगत होतात, "ही मोटारी खोलती आन् काट्याला भ्याती." रविवारी तात्यांनी हात पुढं केला, आण, काढून देतो. मी म्हटलं, नको. मोटार खोलतात तशीच खोलली. आधी मधला कणा, मग दोन्ही बाजू. एक काटा लागला घशाला, भाकरीच्या घासाबरोबर गेला. अख्खी संपवली, अक्का. तुमची होती, ताटात ठेवून येणं मला जमलं नसतं. आणि चव खरंच चांगली आहे. वडाप चुकली असती तरी चाललं असतं.

बाहेर आलो तर समोरच भांड्यांचं दुकान. दाराला कुकरच्या रिंगांचा अख्खा जुडगा लटकलेला. आपल्या कुकरची रिंग मला लांबूनही ओळखू येते. रस्ता ओलांडला की दोन मिनिटांचं काम. आणि काम तुम्हीच सांगितलेलं, शेवटचं. स्नेहल माझ्याकडं बघत होती. माझा पाय पायरीवरून खाली उतरलासुद्धा होता.

"काकी," ती म्हणाली.

मी पाय वर घेतला. रिंग आणली नाही. रिकाम्या हातानं घरी आले. हिरामावशी बांधावर होती, तिनं आधी माझे हात बघितले, मग तोंड, आणि काही न विचारता आत निघून गेली.

काल सोमवारी सकाळी पुन्हा बारामतीला गेले. फक्त रिंग आणायला. एका रिंगेपायी वेगळी फेरी, आदल्या दिवशी त्याच दुकानासमोरून परत आलेली असताना. असं मी आयुष्यात कधी केलं नव्हतं आणि पुन्हा करेन असं नाही. येताना हिरामावशीचं अस्तर आणलं. मॅच झालं नाही.

दुपारी डाळ लावली. तीन शिट्ट्या झाल्या, खणखणीत. दादा ओसरीवरून म्हणाले, "झालं बग तिचं रिंगचं काम."